इथिलीन सोडायच्या आधी आलेलं ‘हौ’

गेली दोन वर्षं मी इथले अनुभव वाचते, आणि खरं सांगू का, बऱ्याचदा हसते. अमावस्या, उलटे पाय, बांगड्यांचा आवाज... आमच्या घरात देव्हाराच नाही, तिथे भुताला जागा कोण देणार? बाबा रेल्वेत होते, आम्ही तारनाक्याला क्वार्टर्समध्ये वाढलो. बुद्धवंदना आणि अभ्यास, या दोनच गोष्टी घरात सक्तीच्या. आम्ही भावंडांनी ‘भूत’ शब्द काढला की बाबा म्हणायचे, "पुरावा आण, मग बोल." आज माझ्याकडेसुद्धा पुरावा नाहीये. तरी लिहितेय, कारण जिथे सांगायला पाहिजे होतं तिथे मी खोटं बोलून बसले, आणि तेव्हापासून मला चैन नाही.

माझं मराठी घरातलं, शाळा सगळी इंग्लिश मीडियमची. मध्ये मध्ये हैदराबादी येईल, सांभाळून घ्या.

मी केळी-आंबे पिकवायच्या एका युनिटमध्ये क्वालिटी सुपरवायझर आहे. कुकटपल्लीच्या पुढे, हायवेला लागून. नाव सांगत नाही. सहा मोठ्या बंद खोल्या आहेत, आम्ही त्यांना चेंबर म्हणतो. जाड भिंती, जड दार. हिरवी केळी ट्रकने येतात, क्रेट एकावर एक रचून आत लावायचे, दार बंद करायचं आणि आत इथिलीन सोडायचा. ज्या गॅसपासून पॉलिथिनच्या पिशव्या बनतात, तोच हा. आमचे प्लॅस्टिकचे क्रेटसुद्धा अशाच गॅसमधून आलेले. फळ पिकताना स्वतःही तो सोडतं, जुन्या लोकांच्या आढीत तोच साचायचा. आम्ही सिलिंडरमधून देतो, एवढाच फरक. पेट घेणारा आहे म्हणून मोबाईल बाहेरच्या डब्यात ठेवायचे, ठिणगी उडेल असं काही आत न्यायचं नाही.

पण चेंबरमध्ये सोडतो तो इतका थोडा असतो की त्याने माणसाला काही होत नाही. माणूस जाईल तो दुसऱ्याच कारणाने. दार चोवीस तास उघडायचं नसतं. आत एवढी केळी श्वास घेत असतात, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. आत कुणी राहिलं तर आधी डोकं जड होतं, मग गुंगी, आणि मग उठणं नाही. आतून दार उघडायचा एक खटका आहे खरा, पण शेवटची थप्पी दाराला खेटून लागली की तो खटका क्रेटच्या मागे जातो. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सगळे हसून सोडून द्यायचे, मीपण.

त्यावर आमचा उपाय म्हणजे हाक. दार लावणाऱ्याने आत तोंड करून तीनदा ओरडायचं, "अंदर कोई है क्या?" मनात दहा मोजायचे. उत्तर नाही आलं की दार लावायचं, फॉर्मवर सही, आणि मग मशीनवाला यादगिरी गॅसचा व्हॉल्व्ह उघडणार. आत शिरून प्रत्येक थप्पीमागे बघायला हवं, पण मे महिन्यात बाहेर ट्रकची रांग असते, कोण बघतं?

आता कमलमावशी. ही माझ्या आईची मैत्रीण, दोघींचं माहेर नांदेडकडचं, एकाच तालुक्यातलं. नवरा गेला, मुलगा बेंगळुरूला, फोनही धड करत नाही. कुकटपल्लीत प्लॅस्टिकच्या एका युनिटमध्ये तिने अठरा वर्षं भंगार दळायच्या मशीनवर काढली. बादल्या, पाइप, खुर्च्या, सगळं त्या मशीनमध्ये टाकायचं आणि त्याचे तुकडे करायचे. त्या आवाजाने तिचा उजवा कान पूर्ण गेला, डावा नावाला राहिला. समोर उभं राहून बोललं तर ओठ बघून तिला सगळं कळतं. इतकं पटकन की नव्या माणसाला पत्ता लागत नाही. पाठमोरी असली की मात्र ढोल वाजवा.

ते युनिट बंद पडलं तेव्हा आईने मला गळ घातली. मी मावशीला आमच्याकडे लावलं — दबलेल्या, डागाळलेल्या फण्या वेगळ्या काढायचं काम. जॉइनिंगच्या मेडिकल फॉर्मवर ‘ऐकणे: नॉर्मल’ असं मी माझ्या हाताने लिहिलं. डॉक्टरांनी सगळ्या फॉर्मवर एकदम सह्या मारल्या. मला वाटलं, चांगलं काम केलं. एकट्या बाईची चूल पेटती राहिली, कुणाचं काय बिघडलं?

बघा, किती हुशार मी. हाकेवर चालणाऱ्या जागी बहिरं माणूस आणून ठेवलं, आणि रोज हाक मारत राहिले.

ते झालं मे महिन्यात, भर दुपारी. दोन वाजून गेले होते. बाहेर अंगाची लाही होत होती. चार नंबरचं चेंबर भरत आलं होतं, शेवटची एक थप्पी राहिली होती, आणि हमाल जेवायला गेले होते. परत येऊन त्यांनी ती थप्पी लावली आणि पुन्हा ट्रककडे गेले, ट्रक गेटजवळ, चांगला पन्नास-साठ पावलं लांब. दारापाशी मी आणि यादगिरी, दोघंच. पंखे अजून लावले नव्हते, त्यामुळे शांत होतं. हे मुद्दाम सांगतेय.

मी हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. दहा मोजले की सात, आठवत नाही. घाईत होते. दाराच्या हँडलला हात घातला आणि आतून आवाज आला.

"हौ... है."

बाप्याचा आवाज. वयस्कर, जरासा घोगरा. घाबरलेला नाही, ओरडलेला नाही. कुणी दारावर येऊन ‘आहेत का घरात?’ विचारावं आणि आतल्याने बसल्या जागेवरून ‘हो, आहे’ म्हणावं, इतका साधा. आणि जवळून आला — दारापासून हातभर अंतरावरून. तिथे क्रेटची थप्पी होती. माणूस सोडा, मांजर उभं राहायला जागा नव्हती.

मला आधी रागच आला. वाटलं, हमालांपैकी कुणीतरी थट्टा करतोय. मी म्हटलं, "कौन है रे? निकल बाहर." काही नाही. यादगिरी माझ्याकडे बघायला लागला.

"क्या हुआ मॅडम?"

"अंदर आदमी है. सुना नै तुम?"

"मैं तो कुछ बी नै सुना." तो माझ्यापासून चार पावलांवर होता. त्याचे कान चांगले आहेत. लांबच्या कंप्रेसरचा आवाज बदलला तरी त्याला कळतं.

मी म्हटलं, थप्पी काढ. तो कुरकुरला, आता लावलीय ना मॅडम, ट्रक खडे हैं. मी म्हटलं, काढ म्हणते ना. त्याने ट्रॉली लावून थप्पी ओढली, मी आत गेले. एकेका रांगेमागे बघत, शिव्या घालत. घालत होते खरंच, लपवत नाही.

अगदी शेवटच्या भिंतीशी, रिकाम्या उलट्या क्रेटवर कमलमावशी बसलेली. डोकं डाव्या बाजूला भिंतीला टेकलेलं, म्हणजे जो थोडा कान होता तोही भिंतीला दाबलेला. गाढ झोपलेली. मांडीवर डबा. हमाल जेवायला गेले तेव्हा ती थंडाव्याला म्हणून आत येऊन बसली होती. उन्हाळ्यात बायका बसतात तशा, मी दोनदा ओरडलेही होते त्यावर.

मी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकून उठली आणि माझं तोंड बघून हसली. "काय गं, झाली का वेळ?"

मी तिथेच खाली बसले, केळ्यांच्या मधे. तिला वाटलं मला ऊन लागलं. माझ्या तोंडावर पाणी मारत होती ती... मी तिला मारायला निघाले होते, आणि ती माझ्या तोंडावर पाणी मारत होती.

चेंबरमध्ये दुसरं कुणी नव्हतं. यादगिरीने आणि मी सगळं रिकामं करून बघितलं. दुसरं दार नाही, खिडकी नाही. भिंत इतकी जाड की शेजारच्या चेंबरमधला पंखासुद्धा ऐकू येत नाही. चारही हमाल तिकडे ट्रकजवळ होते, ड्रायव्हरसकट.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. तिघांनाही. ते तसे बरे गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी चेहरा उतरला होता. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीच बोलली. हिंदीत, एकदम ठणठणीत.

"मेडम बुलाए, मैं हौ बोली."

आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला कळलं. कानांचं बाहेर आलं तर दुसऱ्या दिवसापासून तिला काम नाही. तिला हे ठाऊक होतं आणि मलाही. फॉर्मवर अक्षर माझं होतं, माझीही कातडी त्यात अडकलेली. मी मान हलवली. रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘हाक दिल्यावर आतील कर्मचाऱ्याने प्रतिसाद दिला.’ साहेब म्हणाले, बघा, सिस्टम काम करते. यादगिरी खाली बघत होता. त्याने काही ऐकलं नव्हतं, पण तो बोलला नाही.

सीसीटीव्ही मी दुसऱ्या दिवशी बघितला. कॅमेरा बाहेरून दारावर आहे, आवाज नाही. त्यात मी हाक मारताना दिसते, मग हँडलवर हात, मग हात थांबतो आणि मी मान खाली वळवते, दाराच्या फटीकडे. बस, इतकंच. हा माझा पुरावा. बाबांना दाखवला असता तर त्यांनी चष्मा पुसून परत दिला असता.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, विचारू नका. मला दार लावता येईना. तीन हाका मारायचे, दहाऐवजी साठ मोजायचे, दार लावायचे, परत उघडायचे. आत जाऊन प्रत्येक रांग बघायचे, बाहेर यायचे, आणि बाहेर आल्यावर वाटायचं, चौथ्या रांगेमागे नीट बघितलं का? परत आत. ट्रकवाले बोंबलायला लागले. घरी विद्यानगरला आले की बाथरूमचं दार ओढताना तोंडातून हाक निघायची. नवरा म्हणायचा, "दीपा, फ्रिज बंद करताना पण विचार गं, आत दोडका एकटा आहे." पहिल्यांदा मीही हसले. मग एकदा मी खरंच फ्रिजपाशी उभी राहिलेली त्याने बघितली, तेव्हापासून थट्टा बंद केली.

त्या आवाजाची भीती वाटत होती का? नाही. मला भीती होती ती तो न येण्याची. आधी हाकेनंतर शांतता आली की मी सही करायचे. आता शांततेवर विश्वासच राहिला नव्हता. कारण त्या दिवशी मावशीकडून शांतताच येणार होती. तीनदा काय, तीस वेळा ओरडले असते तरी.

आणि मावशी? ती पुन्हा आत जाऊन बसायला लागली होती. आठवडाभरानंतर मी तिला दोन नंबरच्या चेंबरमधून बाहेर काढलं. मी समोर उभी राहून म्हटलं, "मावशी, तू मरशील गं." ती म्हणाली, "आता तू बघायलीस की रोज. मला कशाची भीती?"

त्या रात्री मी जेवले नाही. मी सुट्टीवर असेन त्या दिवशी कोण बघणार होतं? आईला फोन करून सांगितलं, साहेबांना कानांचं सांगणार आहे. आई म्हणाली, "तिच्या पोटावर पाय देऊ नकोस. गावात काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "आई, पोट राहायला माणूस तर राहायला पाहिजे." आईने फोन ठेवला.

सांगितलं मी. फॉर्मचंही सांगितलं; आवाजाचं मात्र नाही, रिपोर्ट तसाच राहिला. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. मावशीला काढलं नाही, एवढी साहेबांची माणुसकी. पण चेंबरचं काम बंद. तिला बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये क्रेट धुवायला बसवलं. मे-जूनचं ऊन, पत्रा, आणि ती. प्रत्येक चेंबरमध्ये लाल फिरता दिवा बसवला, दार लावायच्या आधी तो लागतो, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही दिसेल. थप्पी दाराला खेटून लावणं बंद झालं, आणि आत चालत जाऊन बघणं सक्तीचं. हे सगळं आधीच व्हायला हवं होतं.

मावशी माझ्याशी बोलायची बंद झाली. शेडवरून गेले की ती पाठ फिरवायची. बहिऱ्या माणसाने पाठ फिरवली की संपलंच, हाक मारायचीही सोय नाही. एकदा फक्त क्रेट आपटून म्हणाली, "बाहेर काढलंस ते काढलंस, असं उन्हात आणून टाकलंस." मी उत्तर दिलं, पण तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही.

दीड महिना गेला. एका रविवारी सकाळी ती आमच्या घरी आली. विद्यानगरला, दोन बस बदलून. नवरा मुलीला घेऊन बाहेर गेला होता. मी चहा ठेवला. ती सोफ्याच्या कडेला बसली, पिशवी मांडीवर, आणि मी समोर बसेपर्यंत थांबली.

"खरं सांग," ती म्हणाली. "मी काय तुला हौ म्हनले नव्हते. मी तर झोपलते. तू दार का उघडलीस?"

तोपर्यंत तिला वाटत होतं की जेवायच्या वेळी ती दिसली नाही म्हणून मी शोधायला आत आले. मी तिला सगळं सांगितलं. हाक, बाप्याचा आवाज, थप्पी, यादगिरी. सावकाश, तिला ओठ दिसतील असं. मला वाटलं ती उठून जाईल, नाहीतर म्हणेल, स्वतःची चूक झाकायला गोष्टी रचायलीस. चहावर साय धरली.

मग म्हणाली, "तो जर तिथं होता, तर मला का नाही उठवला?"

मी कप तिच्याकडे सरकवला, तिने हात लावला नाही.

"कसं म्हनला? म्हनून दाखव."

मी म्हटलं, "हौ... है." तिने माझ्या ओठांकडे बघितलं. पुन्हा म्हणायला लावलं. मग उठून माझ्या शेजारी आली आणि दोन बोटं माझ्या गळ्यावर टेकवली, घाटीपाशी. "आता म्हन."

मी म्हणाले. "असा नाही," ती म्हणाली, "बाप्याचा होता ना? खाली घे." मी आवाज खाली नेला. तिची बोटं माझ्या गळ्यावर, डोळे मिटलेले. डोळे मिटले म्हणजे तिला माझे ओठसुद्धा दिसत नव्हते, जे काय होतं ते फक्त बोटांना. "घोगरा," मी म्हणाले, पण तिने ते बघितलं नाही. मी स्वतःच आवाज घोगरा केला आणि तिसऱ्यांदा म्हणाले. चौथ्यांदा. कितीतरी वेळा. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की आवाज बिघडतो, म्हणून मी ते गिळत होते.

शेवटी तिने हात काढला. पदराने डोळे पुसले. कुणाचा आवाज होता, तिला काही कळलं का — मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. गार झालेला चहा सायीसकट एका घोटात प्यायली आणि निघाली.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, भास. उन्हाचा, कामाच्या ताणाचा, मनातल्या अपराधाचा — तिचा कान गेलाय हे मला आतून टोचत असणार. मी हेच सगळं स्वतःला सांगून बघितलंय. पण मग माझ्या मनाने मावशीचा आवाज का नाही काढला? मला अनोळखी म्हाताऱ्याचा आवाज का ऐकू यावा? आणि ती आत आहे हे मला त्या क्षणी ठाऊकच नव्हतं. युनिटच्या जुन्या लोकांना विचारलं, त्या जागी आधी काय होतं, कुणी दगावलं होतं का. कुणाला काही माहीत नाही. मोकळं शेत होतं म्हणतात.

फक्त एक राहिलं. त्या रविवारी मी मावशीला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. बस आली. ती पायरीवर चढली आणि वळून तिने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले तर दिसावं म्हणून. तीच म्हणाली, "उद्या दार लावशील तवा त्याला सांग. म्हनावं, कमल बाहेर हाय."

तेव्हापासून मी सांगते. आत जाऊन सगळ्या रांगा बघते, दिवा लावते, तीनदा हाक मारते, पूर्ण दहा मोजते. मग आत तोंड करून हळूच म्हणते, "कमल बाहेर आहे." यादगिरी बाजूला उभा असतो. एकदाही हसला नाही. मी दार लावते आणि तो व्हॉल्व्ह उघडतो.